डावीकडे ओढणारी गाडी

माझ्या नवऱ्याच्या उजव्या खांद्याबद्दल आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं देवाधर्माबद्दलही झालं नसेल. खांद्याला तेल लाव, खांद्याला शेक दे, आणि शेवटी, खांदाच गेलाय तर ट्रक कशाला हवा. जो येई तो ह्यांच्या खांद्याकडे बघून मान हलवी, चहा पिई आणि जाई. गाडीच्या चाकांकडे मात्र कुणी बघायला तयार नव्हतं. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझं डोकं फिरतं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवलेला नाही.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. लग्न होऊन मी बेंगळूरला आले तेव्हा बनशंकरी म्हणजे देऊळ आणि आजूबाजूला नाचणीची शेतं, एवढंच होतं. त्याच्या अलीकडे आमचं दोन खोल्यांचं घर आणि घरापुढे हे मोठं अंगण. घर लहान आणि अंगण मोठं, कारण अंगण ट्रकसाठी होतं. हे खाणीतून दगड भरायचे आणि जयनगरात घरं उठत होती तिथे नेऊन टाकायचे. कोपरे फुटलेल्या लांबरुंद चप्पड्या कंत्राटदार घेत नसे. त्या ग्रॅनाइटच्या फरश्या ह्यांनी आणून अंगणात एकीला एक लावून बसवल्या होत्या. पाण्यानं पातळी बघून बसवल्या होत्या, हे महत्त्वाचं. पुढे सगळी मोजामोजी त्याच अंगणात झाली.

ट्रक मिलिटरीच्या लिलावातला. जुना, अवजड, पण ह्यांचा स्वतःचा. लग्नाआधी दुसऱ्याच्या गाड्या चालवून चालवून ह्यांनी तो घेतला होता आणि त्याच्याशी बोलतानासुद्धा मी ह्यांना ऐकलेलं आहे. माझ्याशी दिवसभरात बोलत नसत तेवढं चढावर त्या गाडीशी बोलत.

एका सकाळी बॅटरी उतरली होती म्हणून हे हँडल मारून गाडी सुरू करत होते. इंजिनानं उलटा झटका दिला. हँडल सुटलं आणि उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, दवाखान्यातल्या डॉक्टरनंही बघितला, पण खांद्यात पूर्वीचा जोर काही आला नाही. हात वर जाई, खाली येई, जेवता येई, विहिरीचं पाणी शेंदता येई. पण भरलेल्या ट्रकचं स्टिअरिंग वळणावर फिरवायचं म्हणजे दोन्ही खांद्यांचं काम. ते होईना.

इथे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. सासरे लवकर गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलेलं. ते सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत. कुणाचंही काही अडलं की बाह्या सरसावून पुढे होणारा माणूस. माझा त्यांच्यावर कितीही राग असला तरी हे मी लपवणार नाही, की ह्यांच्या हातात स्टिअरिंग परत आलं ते अण्णांमुळे. त्यांनी शिवाजीनगरच्या गुजरीत, भंगारवाल्यांच्या दुकानांत, हिंडून हिंडून एका मोडक्या परदेशी यंत्राचा तेलाचा पंप मिळवला आणि दाबानं पुढंमागं होणारा एक दट्ट्या मिळवला. रविवारमागून रविवार आमच्या अंगणात पाठीवर पडून त्यांनी ते सगळं ट्रकला बसवलं. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. स्टिअरिंग जरा वळवलं की तेल दट्ट्यात शिरायचं आणि दट्ट्या पुढच्या चाकांना ढकलायचा. हायड्रॉलिक स्टिअरिंग. बेंगळूरात तेव्हा असली गाडी कुणी बघितली असेल तर मला माहीत नाही. हे दोन बोटांनी चाक फिरवू लागले. मी त्या दिवशी अण्णांना पुरणपोळी करून घातली होती आणि मनापासून घातली होती.

पण गाडी डावीकडे ओढू लागली.

पहिल्यांदा थोडी. मग भरलेली असताना बरीच. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी आपली डाव्या गटाराच्या दिशेनं चालली. म्हणजे स्टिअरिंग सारखं उजवीकडे धरून ठेवायचं, आणि ते धरायचं कुणी, तर त्याच खांद्यानं. संध्याकाळी घरी आले की ह्यांना शर्ट काढायलाही मी लागायचे. आणि टायर. पुढचे टायर रंध्यानं लाकूड तासावं तसे तासले जात. रबराच्या कडेवरून हात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं करवतीसारखं लागे.

टायर असे खाल्ले गेले की ड्रायव्हर लोक पहिलं काय म्हणतात, तर अलाइनमेंट बघा. पुढची दोन चाकं दिसायला सरळ दिसली तरी त्यांची तोंडं पुढच्या बाजूला एकमेकांकडे जराशी, अगदी जराशी वळलेली लागतात. ती जर बाहेर वळली तर गाडी सरळ जात नाही आणि टायर घासत राहतात. हे मोजायचं कसं, तर चाकं जॅकवर उचलायची, फिरवत फिरवत टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढायची, चाकं खाली टेकवायची, आणि एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर आधी चाकांच्या पुढून आणि मग मागून टेपनं घ्यायचं. टेपला दोन टोकं असतात, म्हणजे माणसंही दोन लागतात. दुसरं माणूस मी. पदर खोचून मी डाव्या चाकापुढे बसायची आणि मागचं माप घेताना गाडीखाली सरपटत जायची. शेजारच्या अक्का तोंडाला पदर लावून बघत असत. बघोत. त्यांच्या नवऱ्याला काही ट्रक नव्हता.

आता एक गोष्ट. ह्यांचा एक नेम होता. चाकापुढे माणूस असताना इंजिन सुरू करायचं नाही. खाणीत ह्यांच्या डोळ्यांदेखत एक हमाल गेला होता. तो चाकाला दगड लावत होता, गाडी गिअरमध्ये होती आणि कुणीतरी बटण दाबलं. तेव्हापासून कुणी गाडीच्या पुढे किंवा खाली गेलं की हे किल्ली काढून खिशात टाकत आणि वर खिशावर हात ठेवून उभे राहत. त्यातून मी खाली असले तर बघायलाच नको. मी बाहेर येऊन, साडी झटकून, पायरीवर जाऊन उभी राहिल्याशिवाय किल्ली खिशातून निघत नसे. अण्णांनाही हा नेम फार पसंत होता. त्यांच्या कारखान्यातही असंच असतं म्हणत.

माप घेतलं. बरोबर आलं. पुन्हा घेतलं, बरोबर. पुढून अंतर मागच्यापेक्षा जरासं कमी, जसं हवं तसंच. मग अण्णा आले, त्यांनी स्वतः घेतलं, त्यांचंही बरोबर आलं. अण्णा सायकलवरून कामावर जाणारे, ट्रक त्यांना चालवता येत नव्हता. त्यांनी गाडी कधी हातात धरली नाही, त्यांनी माप धरलं. आणि माप बरोबर आहे म्हटल्यावर चूक कुठे राहिली? खांद्यात. अण्णा चिडून म्हणाले नाहीत, फार प्रेमानं म्हणाले. उजवा हात कमजोर आहे, त्याला न कळत डावा हात जास्त ओढतो, म्हणून गाडी डावीकडे जाते. ऐकायला किती पटतं. हेसुद्धा पटवून घेऊन बसले. मी म्हटलं, अहो, तुम्ही चालवता ना, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाले, अण्णाला यंत्रातलं कळतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या हाताला काय वाटतं ते दुसऱ्याला विचारायचं असतं का?

पुढे जे व्हायचं ते झालं. जयनगरात एका वळणावर भरलेली गाडी डावीकडे जाऊन एका नव्या घराच्या दगडी कुंपणाला घासली. माणूस कुणी नव्हतं, कुंपणाचा एक दगड कलंडला आणि आमचा मडगार्ड वाकला, एवढंच. पण कंत्राटदाराला निमित्त मिळालं. हात अधू असलेला ड्रायव्हर माझ्या कामावर नको, असं त्यानं चार मुकादमांसमोर ह्यांना सांगितलं. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या गाडीवरून हात फिरवत नुसते बसून होते. ज्या माणसाला गाडी चालवण्यापलीकडे दुसरं काही नको होतं त्याला सगळे मिळून सांगत होते, की तुला गाडी चालवता येत नाही. आणि तो ऐकून घेत होता. मला रडू नाही आलं. मला भांडावंसं वाटत होतं आणि भांडायला समोर कुणी उभं राहत नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी मी सडा घालून रांगोळी काढत होते. बॅटरी उतरू नये म्हणून हे रोज थोडा वेळ इंजिन चालू ठेवत. मी पायरीपाशी, म्हणजे त्यांच्या हिशेबानं सुरक्षित. टायरवर आदल्या मापाच्या खडूच्या रेघा तशाच होत्या. डाव्या चाकाची रेघ खालच्या दोन चप्पड्यांच्या सांध्याशी नेमकी जुळत होती. इंजिन सुरू झालं आणि ती रेघ सांध्यावरून बाजूला सरली. इंजिन बंद झालं, रेघ परत सांध्यावर. मी रांगोळीचा डबा खाली ठेवला आणि ह्यांना म्हटलं, पुन्हा सुरू करा. केलं. पुन्हा सरली.

मी सांगितलं तर म्हणाले, इंजिन सुरू झालं की तेल भरतं, चाक जरा हलतंच, अण्णानं सांगितलंय. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, इंजिन थरथरतं त्यात सगळंच हलतं. मी म्हटलं, थरथर वेगळी आणि सरकणं वेगळं, मला स्वयंपाकघरात स्टोव्ह थरथरलेला कळतो आणि सरकलेलाही कळतो. माझं म्हणणं एवढंच होतं, की माप इंजिन चालू ठेवून घ्या. हे म्हणाले, आणि टेप धरायला कोण, तू? ते होणार नाही. विषय संपला. कमाल आहे, इतकी मापं झाली ती सगळी इंजिन बंद ठेवून, कारण टेपच्या एका टोकाला बायको होती. ह्यांच्या काळजीनंच ह्यांचं वाटोळं चाललं होतं. तुम्ही मला जपता ते कळलं, पण स्वतःला कधी जपणार, असं मी त्या दिवशी ओरडून विचारलं आणि शेजारी ऐकू गेलं असेल तर गेलं.

पुढच्या रविवारी अण्णा आणि माझी जाऊ आले. अण्णांनी चहा घेतला आणि कप खाली ठेवून सांगितलं, की ट्रकचं ठरवून टाकलं आहे. होसकोटेच्या एका व्यापाऱ्याला शब्द दिला आहे. तो गाडी घेईल, आणि ह्यांना कारखान्याच्या गेटवर लावून घेतील, बसून काम, खांद्याला त्रास नाही. ते अगदी समाधानानं सांगत होते. धाकट्या भावाची चिंता मिटवून आलेला माणूस. ह्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, बरं.

बरं! गाडी ह्यांची, हात ह्यांचा, आणि ठरवून आले अण्णा. मी आतून ऐकत होते ती बाहेर आले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण जावेनं माझा दंड धरला होता एवढं आठवतं. तो सोडवून मी अंगणात गेले आणि गाडीच्या डाव्या चाकापुढे मांडी घालून बसले. म्हटलं, इंजिन सुरू करा आणि माप घ्या. तोवर मी उठत नाही.

हे पांढरे पडले. खिशावर हात ठेवून म्हणाले, "तू पुढे असताना मी सुरू करणार नाही. गाडी गेली तरी चालेल."

ते असं बोलले म्हणून मी विरघळावं अशी त्यांची अपेक्षा असेल तर ती चूक होती. मी आणखी चिडले. जावेनं हात जोडले, शेजारच्या अक्का फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. ऊन वर आलं. हे कट्ट्यावर जाऊन बसले, मी चाकापुढे. दोघंही हलत नव्हतो.

शेवटी अण्णाच उठले. त्यांनी धोतर वर खोचलं आणि ह्यांना म्हणाले, की ही उठणार नाही, तेव्हा गाडी जागची हलूच शकणार नाही असं काहीतरी करू. चारही चाकांना पुढून मागून दगड लावले. मग गाडीखाली शिरून, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट असतो तो नटबोल्ट काढून सोडवला. आता इंजिन कितीही फिरलं तरी गाडी पुढे येणं शक्यच नव्हतं. पांढरं धोतर काळं झालं होतं. एवढं होऊनही हे वर चढेनात. चढले ते एका हातानं हँडब्रेक धरून आणि मान खिडकीतून बाहेर काढून, माझ्यावरची नजर न हलवता.

आधी इंजिन बंद ठेवून माप घेतलं. मी डाव्या रेघेवर टेपचं टोक दाबून धरलं, अण्णांनी उजव्या रेघेवर आकडा वाचला. नेहमीचाच. मग ह्यांनी इंजिन सुरू केलं. टेप माझ्या बोटांखालून ओढली गेली. मी सोडली नव्हती, घट्ट धरली होती, तरी ओढली गेली. अण्णांनी इंजिन बंद करायला सांगितलं. टेप सैल पडली. पुन्हा सुरू करायला सांगितलं. पुन्हा ओढली गेली. मग त्यांनी टेप माझ्या हाती दिली आणि स्वतः गाडीखाली पालथे पडून कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले.

बाहेर आले ते हसत. खरंच हसत होते. त्यांनी आम्हाला सगळ्यांना, शेजारच्या अक्कांनासुद्धा, समजावून सांगितलं. दट्ट्या त्यांनी दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर बसवला होता. स्टिअरिंग अगदी सरळ असलं तरी तेलाचा थोडा दाब डावीकडे राहतच होता. त्या दाबानं दांडा किंचित वाकायचा आणि दांडा वाकला की चाकांची तोंडं बाहेर वळायची. इंजिन बंद केलं की दाब गेला, दांडा सरळ, चाकं सरळ, आणि माप बरोबर. "हात चांगला आहे त्याचा," अण्णा म्हणाले. "ओढत होतं ते मी बसवलेलं यंत्र." इतक्या सरळपणे म्हणाले की मला तेवढ्यापुरतं त्यांचं कौतुकही वाटलं. हे गाडीतून उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून होते.

पुढचे काही दिवस अण्णा कारखाना सुटला की सायकलवरून थेट आमच्याकडे. जाडसर नवा दांडा बनवून आणला, दट्ट्या दांड्यावरून काढून दुसरीकडे एक्सलला टेकवून बसवला, डावीकडे दाब सोडणारी तेलाची झडप बरोबर मध्यावर आणली. मग इंजिन बंद ठेवून माप, इंजिन चालू ठेवून माप, दोन्ही सारखी. ह्यांनी दगड भरून गाडी जयनगरपर्यंत नेऊन आणली आणि उतरले ते शीळ घालत. मी त्या माणसाला शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

मी समजून चालले होते की संपलं. कुणीही समजलं असतं. तर अण्णा हात पुसत पायरीवर बसले आणि म्हणाले, की बरं झालं, होसकोटेवाल्याला आता चांगली गाडी देता येईल, नाहीतर मनाला टोचत होतं.

मी हातातला तांब्या आपटला. पाणी त्यांच्या पायावर गेलं. म्हटलं, अण्णा, आता कशाला द्यायची? खांदा चांगला आहे असं तुम्हीच सांगितलंत ना? तर म्हणाले, सांगितलं, पण शब्द त्याआधी दिला होता. आमच्या घरात दिलेला शब्द कुणी मागे घेतलेला नाही. त्यांच्या बोलण्यात एवढासाही लबाडपणा नव्हता. लबाड माणसाशी भांडता येतं हो. हा माणूस आमचं सगळं काढून घेऊन प्रामाणिकपणे दुसऱ्याला द्यायला निघाला होता, त्याच्याशी कसं भांडायचं? आणि हे? हे पुन्हा म्हणाले, बरं. त्या एका शब्दाचा मला इतका तिटकारा आला की त्या संध्याकाळी मी ह्यांना वाढलं नाही. हातानं वाढून घ्या म्हटलं.

गाडी पोचवायला हे एकटेच जाणार होते. मी आधीच वर जाऊन बसले. जाऊ म्हणाली, बायकांचं तिथे काय काम? मी खाली बघितलंच नाही.

शहर ओलांडेपर्यंत मी एकटीच बोलत होते. अण्णांना बोलले, होसकोटेच्या न बघितलेल्या व्यापाऱ्याला बोलले, ह्यांना तर काय काय बोलले. हे गाडी चालवत होते. जुन्या मद्रास रस्त्याला लागलो, कृष्णराजपुरम मागे पडलं, आणि माझं बोलणंही संपलं. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे चिंचेची झाडं, समोर कुणी नाही. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"बघ," म्हणाले.

गाडी सरळ चालली होती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बघता बघता किती झाडं मागे गेली. मग त्यांनी हात परत चाकावर ठेवले आणि मी बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, गाडी वळवा.

ते म्हणाले, "अण्णाचा शब्द आहे."

मी म्हटलं, "शब्द अण्णांचा. हात तुमचा आहे."

 बराच वेळ गाडी तशीच पुढे जात राहिली आणि मला वाटलं, हरले मी. मग ती हळू झाली. तो रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्हीकडे चर. एवढा लांब ट्रक तिथे वळवायचा म्हणजे पुढे घ्या, चाक पुरतं उजवीकडे मारा, मागे घ्या, पुरतं डावीकडे मारा, असं कितीदा तरी. खांदा निखळलेल्या माणसाचं ते काम नव्हे असं अख्खी दुनिया सांगत होती. ह्यांनी ते सगळं केलं. डावा हात गिअरवर आणि चाक फिरवायला एकटा उजवा. समोरून आलेला एक बैलगाडीवाला बैल थांबवून "सरी, सरी", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मागचा चर दाखवत होता. गाडीचं तोंड बेंगळूरकडे झालं तेव्हा ह्यांचा शर्ट घामानं भिजला होता आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

घरी अण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते. गाडी पोचवून आम्ही बसनं येणार अशी त्यांची समजूत. फाटकातून ट्रक आत येताना बघून ते जागच्या जागी थांबले. हे उतरले, किल्ली काढून खिशात टाकली आणि अण्णांसमोर जाऊन उभे राहिले. जन्मात ह्यांनी अण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

"गाडी मी देत नाही," हे म्हणाले. "माझा हात चालतो, हे तूच मोजून दाखवलंस. शब्द तू दिलास, तो परत घेऊन यायलाही तूच जा."

जाऊ रडायला लागली. अण्णांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. होसकोटेत आता कोणतं तोंड दाखवू, असं काहीतरी ते पुटपुटले, पण उत्तराची वाट बघितली नाही. चपला घातल्या, छत्री घेतली. फाटकापाशी जाऊन वळले आणि ह्यांना म्हणाले, "तुला आधी विचारायला हवं होतं."

मी पायरीवर उभी होते. म्हटलं, "आणि मला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही.

"आणि तुला," ते म्हणाले आणि होसकोटेची बस गाठायला गेले.